तिन्हीसांजेचं मीठ

१८ नोव्हेंबर १९९६, रोहा

प्रणितसरांनी आज बजावलं की प्रोग्रॅममध्ये जो नियम घालाल तो का घातला ते लिहून ठेवा. त्यासाठी ऑफिसची वही आहे. ही डायरी मात्र माझी. एका चहाच्या कंपनीने एजन्सीला वाटायला दिलेली, वर्ष सरत आलं तरी कोणी उचलली नाही, म्हणून मी उचलली. छापलेल्या तारखा खोडून लिहिणार आहे.

ऑफिस म्हणजे रोह्याच्या बाजारात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत साबणाची खोकी, दुसरीत कॉम्प्युटर आणि मी. सरांच्या घरची एजन्सी जुनी, पण सरांना नुसती खोकी पोचवायचा कंटाळा आलाय. त्यांच्या अमेरिकेतल्या भावाने एका लेखाची झेरॉक्स पाठवली आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच आहे, बाजार कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा. मी आकडेशास्त्रात एमएस्सी केलेली. पेण-रोह्यात अशी मुलगी त्यांना दुसरी मिळाली नाही, आणि मला अशी नोकरी.

काम असं. पडद्यावर चारशे घरं. प्रत्येक घरात स्वयंपाक करणारी एक बाई. वरून तिला कोणी हुकूम सोडत नाही. ती आपलं बघते, शेजारीण काय करते ते बघते, आणि ठरवते. मी फक्त बाईला नियम द्यायचे, दिवस पळवायचे आणि बाजाराचं काय होतं ते बघत बसायचं. वस्तू पहिली कोणती, तर मीठ. एका कंपनीला पिशवीतलं मीठ आपल्या भागात खपवायचंय आणि ते काही केल्या खपत नाही. का खपत नाही ते आम्ही सांगायचं.

मीठ ऐकून मला हसू आलं. सरांनी कारण विचारलं, मी काही नाही म्हटलं. नोकरीच्या अर्जात वडिलांचा धंदा शेती लिहिलाय. मिठागर ही शेतीच की. पण पेणच्या कॉलेजात मला मिठागरवाल्याची म्हणून "खारी" म्हणायचे ते अजून विसरले नाहीये, म्हणून बोलले नाही.

२४ नोव्हेंबर, घरी

शनिवारच्या गाडीने आले. बाबा खाडीवरच होता, बांधाला चिखल लावत. (हॉस्टेलवरच्या मैत्रिणी दचकायच्या, बापाला अरेतुरे करतेस म्हणून. आमच्यात तसंच करतात.) पावसाने बांधाला दोन ठिकाणी पोट आलंय. दरवर्षी दिवाळी झाली की बांध धरायचा, पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीची दारं नीट करायची, मग खाडीचं पाणी कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत घ्यायचं, म्हणजे शिमग्याच्या आधी मीठ दिसायला लागतं. बाबाने उमर घातली दुसऱ्यांच्या आगरावर. हे आगर त्याच्या हातात येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्यातली अर्धी मिठाची पोती हायवेवरच्या दुकानांना जातात, गडबपासून नागोठण्यापर्यंत, आणि बाकीचं हौसाआत्या टोपलीतून विकते. आई गेल्यापासून घर आत्याच बघते.

बाबाला एकाच गोष्टीची धास्ती आहे. डोलवीच्या स्टीलच्या कंपनीच्या गेटवर कंत्राटात उभं राहावं लागू नये. गावातले निम्मे लोक तिकडे जातात, त्यात कमीपणा काही नाही, पण बाबा म्हणतो, मी दुसऱ्याच्या आगरावर शिट्टी ऐकून कामाला लागलो, आता परत शिट्टी नको.

जेवताना त्याने विचारलं मी काय करते ते. मी म्हटलं, बाजाराचं चित्र काढते, हलतं चित्र. चारशे घरं, प्रत्येक घरात एक बाई, आणि कुठल्या घरात कुठलं मीठ जातं ते त्यात दिसतं. त्याला फार गंमत वाटली.

"त्यात मी हाय का गो?"

मी म्हटलं, नाही, त्यात फक्त विकत घेणारी घरं आहेत.

"मंग मीठ कोन पिकवतंय?"

मी सांगितलं की मीठ आपोआप येतं, त्याची एकच ओळ आहे प्रोग्रॅममध्ये. बाबा हसला आणि आत्याला म्हणाला, असं आगर आपल्याला भेटलं असतं तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर, रोहा

पिशवी मरते. किंमत उतरवली, मरते. शेजारणीचं बघून घेण्याची सवय वाढवली, तरी मरते. सुटं मीठ हिरवा ठिपका, पिशवी लाल. दहा-बारा लाल ठिपके टाकून दिवस पळवले की महिन्याभरात पडदा पुन्हा हिरवागार. सर पाठीमागे उभे राहून बघतात आणि सुस्कारा टाकून खोक्यांच्या खोलीत जातात. मला राग येतो, कारण तो सुस्कारा कंपनीसाठी नसतो, माझ्यासाठी असतो.

चूक कुठे आहे ते मला दिसतंय. माझ्या बायका फार शहाण्या आहेत. मीठ संपायच्या आत घेऊन ठेवतात. खऱ्या बायका बरणीत हात घालतात तेव्हा कळतं की तळ लागला.

१३ डिसेंबर

बरणी घातली. प्रत्येक घराला बरणी, ती रोज थोडी उतरते, आणि कधी संपली ते आमटी उकळायला लागल्यावर कळतं. मग शेजारून उसनं. हे घातल्यावर पडदा एकदम जिवंत वाटायला लागला. घरांना नंबर होते, मी त्यांना नावं दिली, आमच्याच आळीतली. बायजा, धोंडुबाई, विमलबाई. ओळखीचं नाव असलं की नियम सुचतो. धोंडुबाई कोणाकडे मागणार नाही, बायजा रोज मागेल.

मध्यभागी एक घर हौसाचं. ते जे करील ते बाकीची बघतात. आमच्या गावात आहेच तसं. काय चालतं आणि काय नाही, सुतक कधी फिटतं, कुठल्या दिवशी झाडू बाहेर टाकायचा नाही, सगळं आत्याला विचारून.

२ जानेवारी १९९७

आज एक नियम असाच घातला, जवळजवळ थट्टेने. तिन्हीसांजेला मीठ द्यायचं नाही. दिवा लागला की घरातलं मीठ बाहेर जात नाही, शेजारीण कितीही जिवाची असो. एरवीसुद्धा हातावर देत नाहीत, वाटी खाली ठेवतात आणि दुसरीने उचलायची, नाहीतर भांडण होतं. आमच्या गावचा गोविंदा दुकानदार तर दिवा लागला की मिठाच्या पोत्यावर गोणपाट टाकतो आणि मग दारात कोणी रडलं तरी काढत नाही.

ऑफिसच्या वहीत कारण लिहिलं, "स्थानिक रीत".

दिवस पळवले आणि पडद्यावर भोकं पडायला लागली. मीठ संपलेलं घर मी काळं दाखवते. आधी काळं घर टिकायचंच नाही, शेजारून उसनं यायचं. आता रोज संध्याकाळी इथे-तिथे काळे ठिपके, सकाळी जातात, संध्याकाळी दुसरीकडे. अळणी आमटीची घरं. मी सरांना हाक मारली. ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

मग त्यांनी विचारलं, "या घरांना तेव्हा दुकानात पिशवी मिळाली तर घेतील का? की तीही चालत नाही?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पिशवी आमच्याकडे कोणी आणलेलीच नाही. सर म्हणाले, विचारून या.

५ जानेवारी, घरी

आत्या अंगणात वाल निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं केलं. तिला बोलायचं म्हणजे आधी ऐकून घ्यावं लागतं, कोण कोणाकडे गेली आणि कोणाची म्हैस आटली. ते सगळं झालं आणि मी विचारलं, तिन्हीसांजेला दुकानातून बंद पिशवीतलं मीठ आणलं तर?

तिने हातातलं सूप थांबवलं. तिने विचार केला, खरंच केला. तिच्या रीती आंधळ्या नाहीत, प्रत्येकीमागे तिचं काहीतरी गणित असतं.

"तोंड शिवलेली पिशवी?"

मी म्हटलं, प्लास्टिकची, चिकटवलेली. आतलं बाहेर सांडत नाही.

"मंग तिला कसला दोष गो? उघडं असल ते मीठ. बंद हाय तवर पिशवी हाय ती. घरात आनून फोडली का आपलंच मीठ झालं."

मला इतका आनंद झाला की मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, येडी झाली का काय पोर. बाबा ओट्यावर विडी ओढत ऐकत होता. तोही म्हणाला, हौसा बोलते त्यात तथ्य हाय.

६ जानेवारी, रोहा

झालं. एक ओळ घातली, बंद पिशवीला बंदी नाही, आणि पिशवी लहान केली, एका घराला दोन-तीन दिवस पुरेल एवढीच. संध्याकाळी काळं होणारं प्रत्येक घर लाल व्हायला लागलं. आधी सकाळी परत हिरवं व्हायचं. मग होईना. पिशवी घरात शिल्लक असते ना, तर बाई टोपलीवालीची वाट का बघेल? शेजारणीचं बघून शेजारीण. हौसाचं घर लाल झालं त्या दिवसापासून तर धरबंध राहिला नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत पडद्यावर बोटावर मोजण्याइतके हिरवे ठिपके उरले, तेही कोपऱ्यांत.

सरांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, मुंबईच्या मोठमोठ्या लोकांना चार वर्षांत जे समजलं नाही ते तुम्ही दोन महिन्यांत काढलंत. मी दिवसभर हवेत होते. घरी जाऊन कोणाला सांगावं असं वाटत होतं, पण खोलीवर कोण आहे?

१० फेब्रुवारी

कंपनीची माणसं येऊन गेली. छोटी पिशवी काढणार आहेत, माळेसारखी, दुकानाच्या दारात टांगायची, म्हणजे दिव्याच्या उजेडात दिसेल. ही दारात टांगायची कल्पना माझी.

घरी येताना पॅसेंजरमध्ये नागोठण्याच्या आसपास एकदम मनात आलं की बाबाची पोती याच दुकानांत जातात. मग मी शांतपणे विचार केला. एक, हा पडदा आहे, खरा बाजार इतका आज्ञाधारक नसतो. दोन, पिशवीतल्या मिठात आयोडीन असतं, ते नसलं की गळा सुजतो, मुलं मंद होतात, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर चित्रंच आहेत. बायजाच्या धाकट्याचा गळा मी स्वतः बघितलाय. तीन, मासे खारवायला, पापडाला, लोणच्याला मोठं मीठच लागतं. बाबाचं काही अडणार नाही. असं ठरवल्यावर बरं वाटलं.

घरी पोचले तर पहिलं मीठ निघालं होतं. आत्या टोपली घेऊन दारोदार जाऊन आली होती. पहिल्या राशीचं मीठ ती कोणाला विकत नाही, प्रत्येक घरच्या सुपात ओंजळभर टाकते. ते ज्या घरात गेलं ते घर वर्षभर आपल्याकडूनच मीठ घेतं, असं आमच्या आळीत कधीपासून चालत आलंय. बाबाने माझ्या हातात एक खडा दिला, म्हणाला, ह्या खेपेला गारेसारखं पडलंय बघ. खरंच सुंदर होतं.

ही ओंजळीची रीत मी प्रोग्रॅममध्ये घातलेली नाही. घातली असती तर हिरवे ठिपके जरा जास्त दिवस टिकले असते. आता कशाला छेडायचं?

२३ मार्च, घरी, होळी

गोविंदाच्या दुकानात माळा लागल्या. निळी पिशवी, दिव्याखाली चकाकते. पहिली पिशवी कोणी घेतली असेल? आत्याने. मीठ घरात ढिगाने पडलेलं असताना. मी विचारलं, अगं कशाला? तर ती आळीभर सांगून आलेली, "आमच्या नमीच्या हाफिसाचं मीठ हाय. घ्या, चांगलं हाय, दोष नाय." पिशवी तिने देव्हाऱ्याजवळ ठेवलीय, फोडलेली नाही.

प्रोग्रॅममध्ये हौसाचं घर लाल झालं तेव्हा मला त्याचं कारण द्यावं लागलं नव्हतं, शेजारणींचं बघून तिनेही घेतलं एवढंच होतं. माझ्यासाठी म्हणून ती घेईल हे मी कुठल्या नियमात लिहिणार होते? मला रडू आलं. ते का आलं ते कळलं नाही. बहुतेक तिच्या कौतुकाने आलं असावं.

११ मे, घरी

आत्या गडबहून भरली टोपली घेऊन परत आली. उन्हाने तोंड लाल झालेलं. म्हणाली, लग्नसराई हाय, बाया घरात नसतात. असेलही. गेल्या वर्षीची एक रास अजून बांधावर आहे, यंदाच्या तिच्या शेजारी. नागोठण्याच्या दुकानदाराने पोती परत घ्यायला सांगितलीत. मी बाबाला म्हटलं, पाऊस पडला की मासे खारवायला लागेलच मीठ. तो म्हणाला, "व्हय." इतक्या पटकन हो म्हणाला की मला वाटलं, माझी समजूत काढतोय.

कोंडीत मीठ ओढायला चार माणसं असायची. आता बाबा आणि आणखी एक. बाकीचे डोलवीला शिफ्टला जातात. बाबाने त्यांना अडवलं नाही. माणसाला चार दिवस घरी बसवून ठेवण्याचा मला हक्क नाय, असं म्हणाला.

३० मे, रोहा

कंपनीकडून खपाचे आकडे आले. मी माझी रेघ काढली आणि त्यावर त्यांची. एकावर एक बसल्या. सरांनी तो कागद फ्रेम करायला दिलाय. खरं सांगायचं तर इतकं जुळलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. माझी छाती फुगली आणि त्याच वेळी ती रेघ तिथेच पुसून टाकावीशी वाटली. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

कारण या रेघेत पुढे काय आहे ते मला माहीत आहे. डिसेंबरपर्यंतचं सगळं त्या पडद्यावर मी बघून ठेवलंय.

१५ जून, घरी

बाबाने राशी पेंढ्याने झाकल्या. दोन्ही. मी मदत केली. मध्येच विचारावंसं वाटलं, बाबा, बांध या वर्षी कोण बघणार? विचारलं नाही. बांधाचं पोट गेल्या वर्षीपेक्षा मोठं आहे, ते मलाही दिसतं. दगड टाकायला हवेत, माणसं हवीत, आणि माणसांना द्यायला मीठ विकलं जायला हवं.

२० ऑगस्ट, घरी

नारळी पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटला.

गोविंदाने रोह्याला फोन केला म्हणून आले. कोंड्या दिसतच नाहीत, सगळीकडे गढूळ पाणी. राशींच्या जागी पेंढा तरंगत होता. दोन वर्षांचं मीठ खाडीत गेलं. बाबा काठावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. मग तो एवढंच म्हणाला, "जिथलं व्हतं तिथं गेलं. कुनी चोरलं तर नाय."

२५ ऑगस्ट, रोहा

आज ऑफिसात एकटी होते. प्रोग्रॅम उघडला आणि तिन्हीसांजेचा तो एक नियम काढला. बाकी सगळं तसंच ठेवलं, लहान पिशवी, माळा, किंमत, सगळं. दिवस पळवले. पिशवी मेली. पुन्हा पळवले, पुन्हा मेली. प्रोग्रॅममधले योगायोगाचे फासे बदलले, कितीदा बदलले, पडदा हिरवाच. शेजारीण शेजारणीला मीठ देत राहिली.

म्हणजे दुसरं काहीच नव्हतं. आयोडीन नव्हतं, किंमत नव्हती, जाहिरात नव्हती. एवढंच एक दार होतं, आणि ते कुठे आहे हे आमच्या आळीबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी दाखवलं.

मग मला वाटलं, बाबाला आत घालून बघू. एक घर, जे मीठ पिकवतं, ज्याला बांध आहे, माणसं आहेत, ज्याचं मीठ विकलं नाही तर बांध पडतो. बराच वेळ बसले. जमेना. त्या प्रोग्रॅममध्ये खाडीच नाही. सुटं मीठ कुठून येतं याची ती एक ओळ शोधली. मीच लिहिलेली आहे, नोव्हेंबरात. "सुटं मीठ: अमर्याद."

१ सप्टेंबर

सरांना सांगितलं. ते ऐकून खुर्चीत बसले. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "तुमच्या वडिलांचं आगर होतं? नमिता, मला आधी सांगायचं ना. आपण तेवढी दुकानं सोडून दिली असती."

तेवढी दुकानं सोडून. पडद्यावर मी हे केलं असतं तर काय झालं असतं तेही मला माहीत आहे. दोन-तीन महिने उशीर झाला असता, इतकंच. पण दोन-तीन महिन्यांत बांध धरता आला असता. हे मी त्यांना बोलले नाही. अर्जात "शेती" लिहिणारी मीच.

पुढचं काम आलंय. सुकी मासळी. पाकिटातली. सरांना उद्यापर्यंत विचार करून सांगते म्हटलंय.

२ सप्टेंबर

नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, तुम्ही नाही केलंत तर प्रोग्रॅम आहेच, दुसरं कोणी करील. खरं आहे ते. प्रोग्रॅममधल्या बायकांची नावं काढून पुन्हा नंबर घातले आणि चावी टेबलावर ठेवली.

१४ डिसेंबर १९९७, घरी

गणपतीपासून घरीच आहे. पेणच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा आहे, जूनपासून बोलावतील म्हणतात. डायरी बंदच होती. आज लिहायला घेतली, कारण हे लिहून ठेवलं नाही तर मी उद्या त्याचा काहीतरी बरा अर्थ लावीन, मी मला ओळखते.

बाबा डोलवीला जातो. गेटच्या आत, कंत्राटात, झाडलोट आणि सामान उतरवणं. पहाटे निघतो तो दिवेलागणीला येतो. शिट्टी नाही, भोंगा आहे. निळा शर्ट दिलाय, तो त्याला मोठा होतो. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बघूच शकले नाही. त्याने मात्र बाह्या दुमडून दाखवल्या.

आत्याने पावसाआधी स्वतःच्या आगराच्या मिठाची एक बरणी वेगळी ठेवली होती, ती आतापर्यंत पुरवली. आज संध्याकाळी आमटीला उकळी आली, मी बरणीत हात घातला आणि बोटांना तळ लागला.

दिवा लागलेला. बायजाचं घर हाकेच्या अंतरावर, तिच्याकडे असेलच थोडं. मी वाटी घेऊन उठले. बाबा भिंतीला टेकून बसला होता, नुकताच आलेला. म्हणाला, "कोनाकडं मागू नको गो. तिन्हीसांज झाली. दुकानातनं पिशवी आन."

मी तशीच उभी राहिले. वाटलं, आत्ता सांगावं सगळं. त्या दिवशी अंगणात मी का विचारलं, कोणासाठी विचारलं. दोघंही माझ्याकडे बघत होती, आमटी उकळत होती. आत्याला वाटलं मी पैशांसाठी अडलेय, तिने कनवटीचे काढून दिले.

गोविंदाच्या दारात माळ होती. आतल्या कोपऱ्यात जिथे मिठाचं पोतं असायचं तिथे आता रॉकेलचा डबा आहे. त्याने न विचारता एक पिशवी तोडून दिली.

घरी येऊन मी सवयीने पिशवी खाली ठेवायला वाकले. आत्याने ती माझ्या हातातूनच घेतली, दाताने कोपरा फाडला आणि आमटीत ओतली. बारीक, पांढरं, पिठासारखं. देव्हाऱ्याजवळची ती पहिली पिशवी अजून तशीच आहे, तिला ती हात लावत नाही.

जेवायला बसलो. बाबाने पहिला घास घेतला, जरा थांबला, मग आणखी एक घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला वाटलं, मी विचारते आहे मीठ कसं आहे ते.

"बरं हाय," तो म्हणाला. "तुझ्या हाफिसाचंच ना?"

मी मान हलवली. त्याला काहीतरी आठवलं. निळ्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसून तो हसला, मागच्या वर्षी हसला होता तसाच.

"मंग आता मी पन आलो तुझ्या चित्रात."

आत्याने विचारलं, कसलं चित्र रे? तो तिला सांगायला लागला, चारशे घरं, प्रत्येक घरात एक बाई. सगळं बरोबर सांगत होता, काही विसरला नव्हता. मी त्याच्या पानात आणखी आमटी वाढली.